तीस टक्के मागणारे वकील आणि बाबांचा क्लेम

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी जयसिंगपूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझे बाबा साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाले. त्यांची मेडिक्लेम पॉलिसी सलग आठव्या वर्षी चालू होती, एकही हप्ता चुकलेला नाही. एका पहाटे छातीत दुखायला लागलं म्हणून कोल्हापूरला नेलं. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट घातले. बिल ४ लाख १८ हजार झालं. कंपनीने कॅशलेस नाकारलं आणि नंतर क्लेमही नाकारला. 'रक्तदाबाचा पूर्वीपासूनचा आजार लपवला' असं पत्रात लिहिलंय. फॉर्म एजंटने आमच्या घरी बसून भरला होता, बाबांनी फक्त सह्या केल्या. तेव्हा बीपी होतं की नव्हतं, हे आज कुणालाच नक्की आठवत नाही. क्लेम नाकारल्याला १४ महिने झाले. ओळखीने एका वकिलांकडे गेलो. त्यांनी १० हजार रुपये आणि सगळे मूळ कागद घेतले, शिवाय मिळतील त्या पैशांतले ३० टक्के त्यांचे असं ठरलं. त्याला नऊ महिने होऊन गेले. विचारलं की 'तारीख मिळाली की कळवतो' म्हणतात. कागद मागितले तर 'आधी फीचं बघा' म्हणतात. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, तिकडे वकील तिसरा हिस्सा घेतात, यात वावगं काही नाही. बाबा म्हणतात, सोड, एवढ्या मोठ्या कंपनीशी आपण कुठं भांडायचं. ते हल्ली घरात फारसं बोलत नाहीत. मी काय करू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. फी, कागद, भावाचं म्हणणं, सगळ्यावर बोलू. पण आधी तारखेचं बोलते, कारण बाकीचं चार दिवस उशिरा झालं तरी चालेल, तारखेचं चालणार नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्या बाबतीत क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तो दिवस धरायचा. १४ महिने गेले, १० उरलेत. मुदत उलटल्यावर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण मग मूळ केस बाजूला राहते आणि उशीर का झाला यावरच भांडण सुरू होतं. कंपनीचे वकील तिथेच पाय रोवून उभे राहतात. म्हणून १० महिने हातात आहेत असं मनात धरू नका, १० आठवड्यांत तक्रार दाखल व्हायला हवी असं धरा. आणि एक सरळ गोष्ट: केस दाखलच झालेली नसेल तर तारीख कुठून मिळणार? दाखल झालेल्या प्रत्येक तक्रारीला नंबर असतो. तो नंबर मागा. नंबर नसेल तर केस नाही.

दुसरा एक रस्ता होता, तो आता तुमच्यासाठी बंद झाला असं मला वाटतं, आणि याचं वाईट वाटतं. विमा लोकपाल नावाची व्यवस्था आहे. तिथे एक पैसा लागत नाही, वकील तर चालतच नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांवर निर्णय होतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. तुमच्या भागासाठीचं कार्यालय पुण्यात आहे. पण कंपनीचा नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत तिथे जावं लागतं. तुमचे कागद वकिलांच्या कपाटात होते त्याच काळात ते वर्ष संपलं. मधल्या काळात तुम्ही कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी फेरविचाराची विनंती केली असेल आणि त्यावर नंतर नकार आला असेल, तर त्या तारखेपासून वर्ष मोजता येईल का हे जरूर तपासा. हे इतर वाचकांसाठीही लिहिते आहे: क्लेम नाकारल्याचं पत्र हातात पडलं की पाकिटावरची तारीख सांभाळा. पाकीट फेकू नका.

आता ३० टक्क्यांचं. हे बेकायदा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की वकिलाने निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने हेच पुन्हा सांगितलं. अपघाताच्या भरपाईतला टक्का म्हणून एका वकिलांनी पक्षकाराकडून चेक घेतला होता, तो वटला नाही म्हणून फौजदारी केस केली होती. कोर्टाने ती केसच रद्द केली. तेव्हा तुम्ही तोंडी 'हो' म्हटलं असेल किंवा कागदावर सही केली असेल, तरी त्या ३० टक्क्यांचं ओझं मनावर ठेवू नका.

तुमचा भाऊ चुकीचं सांगत नाही, तो त्याच्या देशाचं सांगतोय. अमेरिकेत सामान्य माणसाच्या बाजूने कंपन्यांशी लढणाऱ्या वकिलांचा सगळा डोलारा या टक्केवारीवरच उभा आहे. जिंकलं तर साधारण तिसरा हिस्सा, हरलं तर फी नाही. तिथे ज्युरी असते, दंडात्मक भरपाई मोठी मिळू शकते आणि पुरावा गोळा करायलाच लाखो रुपये लागतात. तो खर्च वकील स्वतःच्या खिशातून करतो. ही पद्धत नसती तर तिथला गरीब माणूस कोर्टाची पायरी चढू शकला नसता, हे मी मान्य करते. आपल्याकडे तोच दरवाजा वेगळ्या बाजूने उघडला. १९८६ च्या ग्राहक कायद्याने कोर्ट फी जवळजवळ काढूनच टाकली आणि वकिलाशिवाय उभं राहायची मुभा दिली. यामागे १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीसारख्या चळवळींचे कष्ट आहेत. कायदा यायच्या कितीतरी आधी ही माणसं ग्राहकांसाठी झटत होती. आज तुमच्या तक्रारीला किती फी लागेल, माहीत आहे? शून्य. २०१९ च्या नव्या कायद्यात आयोगाची फी तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते, म्हणजे विम्यात हप्त्यावर, आणि ५ लाखांपर्यंत ती माफ आहे. तक्रारही कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात जाऊन करायला नको. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात चालते, म्हणजे तुमच्यासाठी कोल्हापूर.

टक्केवारीत आणखी एक धोका आहे आणि तो मी जवळून पाहिलाय. वकील एकदा रकमेत भागीदार झाला की कंपनीने दिलेला पहिला तोडगा त्याला गोड वाटायला लागतो. चार लाखांच्या क्लेमवर दीड लाख आज मिळणार असतील तर त्याचे ४५ हजार आज सुटतात. तुमचे बाबा खोटे नव्हते हे सिद्ध व्हायचं मात्र राहून जातं.

त्या वकिलांना मी चोर म्हणत नाही. ही बाजू वाचकांना सहसा माहीत नसते म्हणून सांगते. चार लाखांच्या केससाठी तक्रार लिहायची, शपथपत्रं करायची, दोन-तीन वर्षं तारखांना उभं राहायचं, आणि घरच्या माणसासारखी ओढाताण सोसणाऱ्या पक्षकाराकडून पूर्ण फी मागायला जीभ रेटत नाही. समोरच्या कंपनीचे पॅनेलवरचे वकील एकाच सकाळी त्याच कंपनीच्या आठ केसेस चालवतात. त्यांना दर केसचे ठरलेले पैसे मिळतात, कागद मुख्य ऑफिसातून तयार येतात. आपल्या बाजूच्या वकिलाकडे एक ज्युनिअर असतो, कधी तोही नसतो. म्हणून अनेक चांगली माणसं ग्राहकांची कामं हळूहळू सोडून देतात. पण अडचण खरी असली तरी नऊ महिने मूळ कागद कपाटात ठेवून तक्रार दाखल न करणं याला माफी नाही.

कागद परत मिळवायचे आहेत, आणि तो तुमचा हक्क आहे. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली ठरवून दिलंय. फीचा वाद असेल तर त्याचा मार्ग वेगळा, कागद वेगळे. एक साधं पत्र लिहा. राग त्यात नको. कोणत्या तारखेला कोणकोणते कागद दिले त्यांची यादी, १० हजार दिल्याचा उल्लेख, तक्रार दाखल झाली असेल तर नंबर कळवा आणि नसेल तर आठ दिवसांत सर्व मूळ कागद परत करा, एवढंच. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि त्याची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. केस दाखलच नसेल तर वकीलपत्र बदलायला त्यांची ना-हरकतही लागणार नाही. तरीही कागद दिले नाहीत तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगात मात्र वकिलाविरुद्ध जाऊ नका. वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही असा निकाल सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये दिलाय.

आणि त्यांची वाट बघत बसू नका. हॉस्पिटलला लेखी अर्ज दिला की ७२ तासांत वैद्यकीय कागदांच्या प्रती द्याव्या लागतात, तसा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. पॉलिसीची प्रत, दर वर्षीच्या नूतनीकरणाचे कागद आणि मुख्य म्हणजे एजंटने भरलेला तो मूळ प्रस्ताव अर्ज, हे सगळं कंपनीकडे ई-मेलने मागा. बँक पासबुकात हप्त्यांच्या नोंदी असतीलच. मूळ कागद परत आले तर उत्तम, नाही आले तरी केस उभी राहते.

आता तुमच्या केसमध्ये दम आहे का? माझ्या मते आहे, चांगला आहे. विमा नियामकाने २०२४ च्या एप्रिलपासून नियम केलाय की आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिला असेल तर त्यानंतर 'माहिती दिली नाही' किंवा 'चुकीची दिली' या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. अपवाद एकच, फसवणूक, आणि ती कंपनीने सिद्ध करायची. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. बाबांचं आठवं वर्ष चालू होतं, म्हणजे ६० महिने केव्हाच उलटलेत. फक्त एक बघा. मधे कधी विम्याची रक्कम वाढवली असेल, समजा ३ लाखांची ५ लाख केली असेल, तर वाढवलेल्या भागासाठी हे ६० महिने वाढवल्याच्या दिवसापासून मोजतात.

तुमच्या पत्रातली ही एवढी ओळ, 'सलग आठव्या वर्षी चालू होती', कागद वाचणाऱ्या वकिलाला पहिल्या १० मिनिटांत दिसायला हवी होती. नऊ महिन्यांत ती तुम्हाला कुणी सांगितली नाही, याचा अर्थ फाइल उघडलीच गेली नाही.

इथे माझी एक जुनी केस सांगते. वकिलीतली माझी सुरुवातीची वर्षं. इचलकरंजीतल्या एका किराणा दुकानदाराच्या पत्नी माझ्याकडे आल्या होत्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद, त्यांना हळदीचा वास. नवऱ्याची बायपास झाली होती आणि दहा वर्षांचा मधुमेह लपवला म्हणून क्लेम नाकारला होता. आधार काय, तर हॉस्पिटलच्या केसपेपरवरची एक ओळ: 'के-सी-ओ डीएम सिन्स टेन इयर्स', म्हणजे दहा वर्षांपासून मधुमेहाचा रुग्ण. मी तक्रार लिहिली, निवाडे जोडले, सगळं केलं. एक दिवस माझ्या ऑफिसात त्या बाई ते पान हातात घेऊन बसल्या होत्या. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, इथं हे काय लिहिलंय?" माहिती देणाऱ्याचा रकाना होता तो, आणि त्यात लिहिलं होतं 'शेजारी'. रात्री दोन वाजता घाईत पेशंटला रिक्षातून नेणाऱ्या शेजाऱ्याला ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं होतं आणि त्याने अंदाजाने सांगून टाकलं होतं. ते पान मी त्याआधी दोनदा उलटलं होतं. पुढे शेजाऱ्याचं शपथपत्र दिलं. ज्या डॉक्टरने ती ओळ लिहिली त्याचं शपथपत्र कंपनीने आणलंच नाही. आजार आधीपासून होता हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते, नुसत्या केसपेपरच्या ओळीवर ती पार पडत नाही. 'शेजारी' या एका शब्दावरच केस जिंकलो. तेव्हापासून पक्षकाराला समोर बसवल्याशिवाय मी फाइल वाचत नाही. घरातल्या माणसाला जे दिसतं ते मला दिसत नाही.

तुमच्या भावाला अमेरिकेतली ती गरम कॉफीची केस माहीत असेल. अल्बुकर्कीच्या ७९ वर्षांच्या आजी, मॅकडोनाल्ड्सची कॉफी मांडीवर सांडली, ज्युरीने लाखो डॉलर दिले, आणि जगभर त्या वकिलांची टिंगल झाली. पण ते प्रकरण नीट वाचलं की वेगळंच दिसतं. आजींनी आधी फक्त २० हजार डॉलर मागितले होते आणि कंपनीने ८०० देऊ केले होते. भाजल्यावर त्वचारोपण करावं लागलं होतं. त्यांच्या वकिलांनी कंपनीचेच कागद बाहेर काढले. त्या कागदांत दहा वर्षांतल्या ७०० हून अधिक भाजल्याच्या तक्रारी होत्या. १९९४ साली ज्युरीसमोर तेच कागद बोलले. दंडाची २७ लाख डॉलरची रक्कम न्यायाधीशांनी पुढे ४ लाख ८० हजारांवर आणली, हे टिंगल करणारे सांगत नाहीत. मोठ्या संस्थेपुढे सामान्य माणसाचा वकील आवाज चढवून जिंकत नाही. संस्थेच्या स्वतःच्या कपाटातला एक कागद योग्य वेळी टेबलावर ठेवून जिंकतो. तुमच्या केसमध्ये असा कागद तो प्रस्ताव अर्ज असू शकतो. अक्षर कुणाचं, शाई कुणाची, आजारांच्या रकान्यात खूण कुणी केली, की रकाना कोराच आहे. पॉलिसी देताना कंपनीने बाबांची वैद्यकीय तपासणी करून घेतली होती का? घेतली असेल तर तेव्हाचं बीपी त्या अहवालात असेल. तोही मागा.

एक अवघड गोष्ट बोलते. बाबांना शांतपणे विचारा, पॉलिसी घेण्याआधी गोळी चालू होती का. जे असेल ते वकिलाला जसंच्या तसं सांगा. २००९ साली सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात आजार लपवल्याबद्दल कंपनीचा नकार कायम ठेवला होता, तेव्हा ही भीती पोकळ नाही. गोळी चालू असेल तरी तुमची केस संपत नाही, ६० महिन्यांचा नियम आणि एजंटने भरलेला फॉर्म यावर ती लढता येते. पण खरं काय ते माहीत असलेला वकील वेगळी तक्रार लिहितो. आणि कुणी तुमच्यासमोर २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल टाकून 'आपली केस जिंकलीच' म्हणालं तर सावध व्हा. त्या निकालात पाठीच्या मणक्याचा आजार सांगितला नव्हता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. लपवलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नाही म्हणून विधवेला पैसे मिळाले. रक्तदाबाचा हृदयाशी संबंध आहे. तो निकाल तुमच्या कामाचा नाही, आणि हे तुम्हाला स्वतःहून सांगेल तो वकील चांगला.

स्वतः लढावं का वकील घ्यावा? तुम्ही शिक्षिका आहात, मराठीत मुद्देसूद लिहू शकता, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल करता येते. बाबांनी अधिकारपत्र दिलं तर त्यांच्या वतीने तुम्ही उभ्या राहू शकता. वीस हजारांच्या मिक्सर-फ्रिजच्या केसला मी हेच सांगितलं असतं. पण इथे कंपनी फसवणुकीचा मुद्दा आणेल, त्यांच्या डॉक्टरांना लेखी प्रश्नावली द्यावी लागेल, युक्तिवादात निवाडे लागतील. माझा कल वकील घेण्याकडे आहे. तक्रारीचा पहिला मसुदा मात्र तुम्हीच लिहा. एका पानावर तारखा मांडा: पॉलिसी कधी घेतली, दर वर्षी नूतनीकरण कधी झालं, दुखणं कधी सुरू झालं, कॅशलेस कधी नाकारलं, बिल कधी भरलं आणि पैसे कुठून आणले, नकाराचं पत्र कधी आलं. हे पान हातात दिल्यावर वकील काय करतो ते पाहा. वाचून प्रश्न विचारतो, की बाजूला ठेवून 'काळजी करू नका' म्हणतो.

वकील शोधायचा तर एक दिवस रजा काढून कोल्हापूरच्या आयोगात सकाळी जाऊन मागच्या बाकावर बसा. सुनावणी सगळ्यांना खुली असते. बोर्डावर केसेसची यादी लागलेली असते. तक्रारदारांच्या बाजूने कोण उभं राहतं, कोणाचे कागद क्रमाने लावलेले असतात, कोण दर वेळी 'पुढची तारीख द्या' म्हणतं, हे दोन तासांत कळतं. मोबाइलवरच्या 'क्लेम मिळवून देतो, नाही मिळाला तर पैसे नाहीत' अशा जाहिरातींना फोन करू नका. वकिलाला जाहिरात करायची परवानगीच नाही, तेव्हा पलीकडे बहुतेक वकील नसून एजन्सी असते. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते जिल्ह्यात असतील तर त्यांना भेटा, ते कागद बघून मोकळेपणाने सांगतात. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. तक्रारदार स्त्री असेल तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नसते. बाबांच्या नावाने तक्रार असल्याने त्यांचं उत्पन्न बघतील. पॉलिसीत आईचं नावही असेल तर तेही सांगा.

फी टप्प्यांत ठरवा: तक्रार दाखल झाल्यावर काही, पुराव्याचं शपथपत्र झाल्यावर काही, युक्तिवादाआधी उरलेली. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी वेगळं. पावती घ्या. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, वकिलाला झेरॉक्स द्या आणि मूळ फक्त आयोगाने मागितले तर दाखवा.

पुढे काय होईल तेही सांगते, म्हणजे मधेच धीर सुटणार नाही. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, प्रत्यक्षात दोन-तीन वर्षं धरून चाला. कंपनीने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची, आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो, त्यापुढे एक दिवसही नाही. २०२० साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे पक्कं केलंय. तेव्हा ४५ वा दिवस वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी कैफियत आली का हे वकिलाला विचारा. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर धुडकावू नका, जाऊन बसा. पण 'पूर्ण आणि अंतिम' असं छापलेल्या कुठल्याही व्हाउचरवर वकिलाने वाचल्याशिवाय बाबांची सही होता कामा नये. मागणीत बिलाची रक्कम, व्याज, त्रासाची वाजवी भरपाई आणि खर्च असू द्या. मानसिक त्रासाचे १० लाख वगैरे लिहू नका, त्याने बिलाची खरी मागणी हलकी पडते. निकाल लागला आणि कंपनी अपिलात गेली तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून बऱ्याचदा छोट्या रकमांत कंपन्या पैसे देऊन मोकळ्या होतात. नाहीच दिले तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज, करता येते. आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि दरखास्तीची नोटीस गेली की चेक यायला वेळ लागत नाही, हा माझा अनुभव.

आणि बाबांबद्दल. ते बोलत नाहीत ते पैशांमुळे नसावं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेरीच्या नोंदी चोख ठेवणाऱ्या माणसाला एका छापील पत्राने 'माहिती लपवली' म्हटलंय. मोठ्या संस्थेचं पत्र आलं की आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, तेच खरं मानायची. त्यांना या कामात घ्या. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं कारखान्याचं रजिस्टर सांभाळलं, तो तारखांचं ते एक पान तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं लिहील. तेच काम त्यांच्याकडे द्या.

येत्या सोमवारी शाळा सुटल्यावर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. प्रती मिळाल्या की दाखल करतानाचं पान आधी काढा, आणि माहिती देणारा म्हणून त्यावर कुणाचं नाव आहे, तेवढं मला कळवा.